विमलअक्कांची अर्धी जागा

दोघांच्या बाकावर एक पुरुष बसलाय, शेजारची जागा रिकामी आहे आणि तरीही समोर एक मुलगी दांडा धरून उभी आहे. तिला बसायला कोण अडवत होतं, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंत?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फैजपूर-जळगाव गाडीत ती मुलगी मी होते. बाईशेजारी बाई आणि पुरुषाशेजारी पुरुष, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नसे. राखीव बाक भरले की आम्ही मुली जळगावपर्यंत उभ्या. कुणी बसलीच, तर शेजारचा गुडघे आणखी फाकवायचा, हात बाकाच्या पाठीवर पसरायचा आणि गावात नाव मात्र तिचं खराब व्हायचं. वडिलांच्या मागे घर चालवणाऱ्या माझ्या दादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बसमधलं काही कानावर आलं, तर कॉलेज बंद."

विमलअक्का मात्र खुशाल बसायच्या. त्या धुळ्याकडच्या, वाटेवरच्या एका गावात नर्स होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि हातात लसींचा डबा. चढल्या की पहिली रिकामी जागा गाठायच्या, डबा मांडीवर घ्यायच्या आणि शेजाऱ्याला म्हणायच्या, "भाऊ, पाय आवर. तुन्हं तिकीट एक, मन्हं बी एक शे." आवाजात राग नसायचा. सुई टोचण्याआधी 'बाही वर कर' म्हणावं, तसं सांगायच्या. माणूस मुकाट्यानं सरकायचा.

एकदा मागून कुणीतरी टोमणा मारला, "बाई, तुमच्यासाठी राखीव बाक आहेत ना?"

"त्यामां समद्या बाया मावतस का? बाकीनी गाडी काय तुन्हा सासरानी शे?"

सगळी गाडी हसली. अक्का हसल्या नाहीत. त्या बायकांनाही सोडत नसत. शेजारी टोपली ठेवून ऐसपैस बसलेल्या एका मावशींना म्हणाल्या, "टोपलीनं तिकीट काढेल शे का? उचल, आबाले बठू दे." आणि उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बसवलं. जागा बायकांची की पुरुषांची, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाला स्वतःपुरती मिळाली पाहिजे, एवढंच.

त्यांच्याकडे पाहून एक दिवस मीही बसले. शेजारच्या गृहस्थांचा गुडघा माझ्या मांडीला टेकला, सरकला नाही. चळवळीतल्या वडिलांनी मागे ठेवलेल्या पत्रकांवर मी वाढलेली. ताडकन म्हणाले, "ही पुरुषप्रधान व्यवस्थेची दडपशाही आहे!" ते गृहस्थ हसायला लागले. गाडीही हसली. मी मदतीसाठी अक्कांकडे पाहिलं. त्या जागेवरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "व्यवस्था मोठी शे, पोरी. आधी गुडघाले सांग."

मग मी म्हणाले, "भाऊ, पाय आवरा."

"एवढं लागतंय तर घरी बसायचं होतं," असं पुटपुटत त्यांनी पाय आवरला. मी जळगावपर्यंत बसून गेले. कॉलेजात तेव्हाच पहिल्यांदा पाय न दुखता पोचले.

संध्याकाळी बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. दादानं कॉलेज बंद केलं. तीन दिवस मी घरात. चौथ्या दिवशी, मी गाडीत दिसत नाही म्हणून, अक्का दारात. चहा घेतला नाही. दादाला म्हणाल्या, "पोरनं काय करं, हाई तुले समजनं. त्या गडीनं काय करं, ते इचारं का?"

जाताना वळून म्हणाल्या,

"उद्या गाडीमां ये. देख."

दादा आला, बहुधा अक्कांना खोटं पाडायलाच. तो खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. गाडी भरलेली, अक्का जवळच उभ्या होत्या. यावल मागे पडलं तेव्हा त्या वाकून त्याला म्हणाल्या, "भाऊ, खाल देख."

दादानं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही गुडघे ऐसपैस पसरलेले. मी अर्धी बाकावर, अर्धी बाहेर, एक पाय वाटेत रोवून तोल सांभाळत होते. त्याच्या सख्ख्या बहिणीनं एवढा वेळ काही म्हटलं नव्हतं आणि त्याला काही दिसलं नव्हतं. दादा वाईट नव्हता. त्याला कधी खाली पाहावं लागलं नव्हतं, इतकंच. त्यानं पाय मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी घुटमळत होते, तर आतून आवाज आला, "पास घेतला का?"

मी पदवीधर झाले ती त्या दोन शब्दांमुळे, ‘खाल देख’मुळे. वडिलांच्या पत्रकांत एवढं छोटं वाक्य मला कधी सापडलं नाही.

वर्षभरानं अक्कांची बदली धुळ्याकडे झाली. त्यानंतर गाडीत मी एकटीच बोलायची. तोवर मला धीर आला होता, असं वाटायचं. पण एकदा एका धटिंगणानं आवाज चढवला आणि सगळी गाडी एकदम केळीच्या बागा बघू लागली. तेव्हा कळलं, अक्कांनी मला बोलायला शिकवलं खरं, पण मी बोलत असताना त्या तिथं असायच्या. त्यांचं असणं केवढं मोठं होतं!

आता अक्का नाहीत. धुळ्याहून पत्र आलं, तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. पुढच्या वेळी गाडीत एखादी मुलगी कापऱ्या आवाजात "पाय आवरा" म्हणाली, तर बागा बघू नका. तिच्यासाठी भांडू नका, भाषणही देऊ नका. ते ती करेल. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फक्त म्हणा, "ती बरोबर बोलतेय."