वाटेवर एकच वाल

मुरबाडच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. पोरांना किती आलं देव जाणे, मला मात्र एक खोड लागली: कुठलंही भांडण दिसलं की त्यात गणित घालायचं. आता ती खोड गेली. थकलो मी.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या गावचा माळ मुंबईच्या एका शेठने घेतला आणि कुंपण घालायला काढलं. विहिरीची वाट त्या माळातूनच जायची. ती बंद झाली तर टेकडीला वळसा घालून पाणी आणायचं, आणि माझ्या काकीचे गुडघे तेव्हाच गेलेले. गावकरी शेठपुढे हात जोडून उभे राहायचे नि तसेच परत यायचे. मला चीड यायची.

एका पुस्तकात मी भांडण मिटवायची एक रीत वाचली होती, ती शेठला सांगितली. शेठलाही गंमत वाटली, "चालेल मास्तर," म्हणाला. मुद्दे तीन: विहिरीची वाट, गुरांची चराई, बंगल्यावर गावच्याच माणसांना काम. दोन्ही बाजूंना वीस-वीस वाल. जे जास्त हवं त्यावर जास्त वाल, प्रत्येक मुद्द्याच्या डब्यात गुपचूप ठेवून वर झाकण लावायचं. ज्या मुद्द्यावर ज्याचे वाल जास्त, तो त्याच्या मनासारखा. शेठ असो की गाव, वीस म्हणजे वीस. पाणी बायका भरतात म्हणून गावातर्फे काकीनेच वाल ठेवायचे, हा हट्टही माझाच.

झाकणं काढली. शेठचे वाटेवर अकरा, चराईवर पाच, कामावर चार. काकीचे कामावर बारा, चराईवर सात. वाटेवर एक.

म्हणजे चराई आणि काम गावाला, वाट शेठला. आमचे विसातले एकोणीस वाल कामी आले, त्याचे अकराच. हिशेब चोख होता. माझं डोकं मात्र फिरलं. घरी येताना काकीवर ओरडलोच, "अगं, पाण्याची वाट नको होती का तुला?"

"हवी तर तीच होती रे," ती म्हणाली. "पण ती तो देनार नाय, माहीत होतं. मंग तिथं वाल कशाला वाया घालवू?"

"मग एक तरी कशाला ठेवलास?"

"नाय ठेवला तर आमाला नकोच हाय, असं वाटलं असतं त्याला."

कुंपण झालं. काकी शेवटपर्यंत वळसा घालून पाणी आणत राहिली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती मात्र भेटेल त्याला कौतुकाने सांगायची, आमच्या मास्तरनी शेठकडून विसातले एकोणीस काढले.