चार बोटं वर ठोकलेली पट्टी

माझा मामा म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. धक्क्याच्या खांबावर आकड्यांची पट्टी लावलेली असते. ती बघून समुद्राचं पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं, हे काम त्याने एकतीस वर्षं केलं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही हा पठ्ठ्या आधी धक्क्यावर जाऊन आला. मामी ते अजून ऐकवते.

त्याच्या वह्यांतले आकडे मी ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवले. आमचं मॉडेल जुन्या नोंदींवरून पाणी पुढे किती वाढेल आणि कुठवर आत येईल ते सांगतं, नकाशावर रेघ मारून. रेघेच्या आत येणारी घरं दुसरीकडे हलवणार होते. रेघ मामाच्या गल्लीच्या अलीकडेच थांबली. मी नकाशा घेऊन धावतच गेले. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटाला चिमटा काढून बांधलेलं घर वाचलं होतं.

मामा मात्र नकाशासोबतच्या त्याच्या आकड्यांच्या आलेखाला नाक लावून बसला. एका वर्षी पाणी एकदम खाली आलेलं दिसत होतं. तिथे त्याने नख टेकवलं.

"इथे पाणी उतरलं नव्हतं. पट्टी वर गेली होती."

"म्हणजे?"

"होडी धडकली, पट्टी निखळली. खांबातलं जुनं भोक फुटलेलं, म्हणून वर नवं पाडून मीच ठोकली. चार बोटं वर. लिहिलं असतं तर चौकशी लागली असती. म्हटलं, चार बोटांनी काय होतंय!"

माझं डोकंच फिरलं. "मामा! एकवीस वर्षांचे आकडे चार बोटं कमी? आणि हे आत्ता सांगतोयस?"

"चुकलं गं," तो एवढंच म्हणाला.

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण गल्लीत चाळीस घरं, पोरंबाळं. मी विचार करत होते तोवर मामा चपला घालून दारात उभा होता. धक्क्यावर गेलो तर खांबावरचं जुनं भोक अजून तसंच होतं. तिथून नव्या भोकापर्यंत मोजलं, सात सेंटिमीटर. मामाने कबुली लिहून सही केली. मी आकडे दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवलं.

रेघ मामीच्या स्वयंपाकघराच्या पार पलीकडे गेली.

मामी ओटा पुसत होती. "पाणी कुठवर येईल?" तिने विचारलं.

"या ओट्याला लागेल. पण तीस वर्षांनी, तेही मोठ्या भरतीला."

"नवी जागा देणार आहेत," मामा चाचरत म्हणाला. "लवकर अर्ज केला तर बरी मिळेल. उद्याच करू या का?"

मामीचा हात थांबला नाही.

"तुम्हाला चार बोटं सांगायला एकवीस वर्षं लागली," ती म्हणाली. "मला घर सोडायला एक दिवस देताय?"