शालनअक्काची करणी

सोलापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचं ऊन भाजायला लागलं होतं आणि मंद्रूपकडची गाडी नुकतीच गेली होती. एरवी मी रसवंतीच्या सावलीत बसून पुढच्या गाडीची वाट पाहिली असती. पण त्या दिवशी मला दुपारच्या आत पोचायचं होतं. मंद्रूपच्याही पुढे, भीमेच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण माझी मावसबहीण शालनअक्का अजून तिथंच राहते. त्या गावानं तिच्यावर करणी केल्याचा (जादूटोण्यानं दुसऱ्याचं वाईट केल्याचा) आळ घेतला होता आणि दुपारी देवळापुढं बैठक होती.

अक्का साठी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून एकटी. सारी नोकरी तिनं गावच्या अंगणवाडीत केली. तिचा न्याय करायला बसणाऱ्यांतल्या निम्म्यांची नाकं तिनं पुसलेली आहेत.

शेवटी वडाप (माणसं कोंबून भरल्याशिवाय न सुटणारी जीप) मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी काढून मोकळी झालेली. मधूनच उसाचा हिरवा तुकडा. पुढच्या बाकावर मराठी चाललं होतं, मागच्या बाकावर कन्नड. कुणाकडं निघालात, असं ड्रायव्हरनं विचारलं. मी अक्काचं नाव सांगितलं आणि दोन्ही भाषा बंद पडल्या. शेजारच्या बाईनं मांडीवरचं मूल उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

"मी असलं मानत न्हाय बगा," थोड्या वेळानं ड्रायव्हर म्हणाला. "पण सिद्धारामच्या पोरीला लई तरास हाय. लोक म्हणत्यात."

हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे समोरच्यानं तोंड उघडलं की मीच ते पुरं करायची.

वाटेत एका पोलीस चौकीपाशी मी जीप थांबवायला लावली. हवालदार भला माणूस होता. खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"कायदा हाय की मॅडम, कडक हाय," तो म्हणाला. "मी संध्याकाळी चक्कर टाकतो."

"बैठक दुपारी आहे."

"मग संध्याकाळी विचारतो, काय झालं ते."

चहा चांगला होता. तेवढाच राग कमी.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मला पाहून उठलीसुद्धा नाही. "हात धू, बस," म्हणाली. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि हुग्गी (गव्हाची खीर, शब्द कन्नड). जिच्याशी गावानं बोलणं टाकलंय तिनं पाहुणीसाठी खीर रांधावी, याचाही मला संताप आला. जेवता जेवता तिनं सगळं सांगितलं. शेजारच्या सिद्धारामची मुलगी भागी आठवीत शिकते. काही महिन्यांपासून ती मधेच ताठ होऊन पडते, तोंडाला फेस येतो. सिद्धारामनं भीमेपलीकडून एक देवऋषी आणला. त्यानं पोरीला उपाशी बसवलं आणि गावातल्या बायकांचं एकेक नाव घेत गेला. शालन म्हटल्यावर पोरीची मान हलली.

"मान हलली म्हणून?"

"भुकेनं पडली आसंल. लहान पोर ती."

"अक्का, तू माझ्याबरोबर नाशिकला चल."

"गेले तर म्हणतील, केलं म्हणूनच पळाली."

"आणि राहिलीस तर म्हणायचे थांबणार आहेत का?"

"न्हाय की. पण घर तरी माझ्याकडं राहील." एवढं बोलून तिनं मला आणखी हुग्गी वाढली.

देवळापुढच्या लिंबाखाली बैठक भरली. पुरुष कट्ट्यावर, बायका लांब भिंतीच्या कडेला. देवऋषी पांढऱ्या कपड्यात, हातात मोबाईल. भागी त्याच्या शेजारी, ओठ सुकलेले, नजर जमिनीवर. तिची आई बायकांत उभी होती आणि सारखी डोळे पुसत होती. बोलण्याचं काम एका म्हाताऱ्या माजी सरपंचांकडे होतं. त्यांच्या आवाजात कुठंही राग नव्हता.

"अक्का, कबूल करून टाका," ते म्हणाले. "देवीला नारळ द्या, पाया पडा. आमी मनात ठेवनार न्हाय."

"केलंच न्हाय तर कबूल काय करू?"

"मग मिटायचं कसं?"

मी उठले. शाळेत इतिहास शिकवल्यामुळं मला उभं राहून बोलायची सवय आहे. कायदा सांगितला. तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका देवभोळ्या वसाहतीत असंच घडलं, तेही सांगितलं. तिथंही मुली अशाच पडायच्या आणि बायकांची नावं घ्यायच्या. होय, मी चेटकीण आहे, असं म्हणणारी बहुतेक वाचायची आणि नाही म्हणणारी फासावर जायची. सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. "बरोबर हाय तुमचं," सरपंच म्हणाले आणि अक्काकडे वळले. "मग, कबूल करताय न्हवं?"

मी कपाळाला हात लावून खाली बसले.

तेवढ्यात भागी ताठ झाली. डोळे फिरले आणि ती कट्ट्यावरून दगडी पायरीकडं कलली. देवऋषी मागं सरकला, सरपंच सरकले, तिचा सख्खा बापही सरकला. मी जागची हलले नाही, मला सुचलंच नाही. अक्का मात्र धावली. पोरीचं डोकं पायरीवर आपटायच्या आत तिनं झेललं, तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली पदराची घडी दिली. बाकी काही केलं नाही. हळूहळू झटके थांबले. भागीनं डोळे उघडले आणि अक्काच्या मांडीवर तशीच पडून राहिली.

देवऋषी शांतपणे म्हणाला, "बगा. हात लागला आन उतरलं. जिनं घातलं तिच्याच हातानं उतरतंय."

भिंतीकडच्या बायकांतून "व्हय, व्हय" असं उमटलं. त्या अमेरिकन खटल्यांतही हे होतं: आरोपी बाईचा हात लागून मुलगी शांत झाली की तो पुरावा. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची, मीही हसायचे. इथं मी उठून उभी राहिले. मी काहीतरी मोठ्यानं बोलले, काय ते आता आठवत नाही. कुणी ऐकतही नव्हतं.

अक्का पोरीशी बोलत होती. "जेवलीस का गं?"

"न्हाय."

"कवापासनं?"

पोरीनं उत्तर द्यायच्या आधी देवऋषीकडं पाहिलं. अक्कानं मान वर केली. "सिद्धाराम, पोरीला आज सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्यायची."

सिद्धाराम चाचरला. "तुमी येता बरोबर? तुमी असल्याबिगर न्हेनार न्हाय मी. वाटेत परत आलं म्हंजी?"

जिनं करणी केली म्हणून गाव गोळा केलं तिलाच हा माणूस सोबतीला मागत होता. मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "येते की. आधी भाकरी आण तिला."

देवऋषी म्हणाला, आता जबाबदारी माझी नाही. ती आधी कधी होती, असं मी विचारलं. त्यानं मोबाईल कानाला लावला.

तीच वडाप आम्ही ठरवून घेतली. भागीचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं आणि तिची आई तिला दूधभाकरीचे घास भरवत होती. सोलापुरात दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, बरंच काही विचारलं. हा मेंदूशी संबंधित आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, गोळी चुकवायची नाही आणि उपास अजिबात नाही, असं बजावलं. सिद्धारामनं सगळं हात जोडून ऐकलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाला, "अक्कानी सोडलं तिला. आता गोळ्या लागू पडत्याल."

मी बाकावर बसले. तेवढ्यात हवालदाराचा फोन आला. "काय झालं मॅडम?"

आणखी काही दिवस मी गावात राहिले. भागी शाळेत जायला लागली. गवळ्यानं बंद केलेलं अक्काचं दूध पुन्हा सुरू झालं, दारावरून जाणारे तिच्याशी बोलू लागले. कुणी माफी मागितली नाही, आणि मागणार कोण? आळ कुणी घेतलाच नव्हता, जो तो दुसऱ्याचं म्हणणं सांगत होता. मी निघायच्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई किरकिरं बाळ घेऊन आली. "तुमच्या हातानं उतरतंय म्हणं. हात लावा की."

अक्कानं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "उतरलं. पण उद्या दवाखान्यात दाखवलं न्हाईस तर परत चढंल."

बाई गेल्यावर मी अक्कावर तुटून पडले. "अगं, तू त्यांचंच खरं करतेयस. उद्या एखादं मूल दगावलं तर कुणाचं नाव घेतील?"

"माझंच," ती म्हणाली. "हात न्हाय लावला तरी माझंच."

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सगळ्या गावाशी भांडत होते, सर्वांत जास्त तिच्याशी. मुलगी बरी होतेय याचा आनंद होता, नाही असं नाही. पण अक्का निर्दोष आहे असं त्या गावात एकानंही म्हटलेलं नाही. तिचा उपयोग आहे, इतकंच ठरलंय.

परवा फोनवर तिनं सांगितलं, की रोज सकाळी ती सिद्धारामच्या दारात जाऊन उभी राहते आणि भागीनं गोळी गिळल्याशिवाय हलत नाही. मी म्हटलं, तिची आई आहे ना, तुला काय पडलंय? अक्का नुसती हसली. फोन ठेवल्यावर मला कळलं, की त्या गोळीवर पोरीइतकाच तिचाही जीव टांगलेला आहे, आणि हे मला सांगायची तिला गरज वाटली नव्हती.