स्पिरिटच्या कपाटाची किल्ली

त्या घटनेतले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. पण पाण्याचे थेंब पडून शाई फुटलेला तो जबाबाचा कागद मला आजही जसाच्या तसा दिसतो.

राज्यात दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती. मी धुळ्याला नवी फौजदार होते. बाई फौजदार कशी असते ते बघायला लोक ठाण्यासमोर सायकली थांबवत आणि मी मान खाली घालून आत जाई. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, बोलणं मुळातच कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक एक तर गर्विष्ठ समजतात, नाही तर मंद. पोलीस खात्यात दोन्ही समज उपयोगी पडतात. लोक आपल्यासमोर बेसावध बोलतात.

जळगावहून निरोप आला: संशयित बाई आहे, कागद इंग्रजीत आहेत, तुमच्याकडची बाई पाठवा.

तिथल्या एका कॉलेजात विद्यापीठाच्या अनुदानावर सायन्सची शाखा निघाली होती. त्या अनुदानाचा हिशेब तपासायला पुण्याहून विद्यापीठाचे तपासनीस आले होते. काळी टोपी, धोतर, आणि समोरच्या माणसापेक्षा त्याच्या मागच्या कपाटाकडे बघत बोलायची सवय. बाकी खर्चावर त्यांनी खुणा केल्या नि पुढे गेले. प्रयोगशाळेच्या स्पिरिटवर मात्र अडले.

"मुलं तेवढीच, बेडूक तेवढेच," ते जळगावच्या इन्स्पेक्टर साहेबांना म्हणाले. "स्पिरिट तेवढं वाढलंय. बरण्यांतले बेडूक एवढं पीत नाहीत, साहेब."

हे स्पिरिट सरकारी परवान्यावर यायचं. बरण्यांत प्राणी टिकवायला आणि दिवे पेटवायला. एरवी ही हिशेबातली तफावत ठरली असती. पण त्याच सुमारास तिथल्या पोलिसांच्या एका खबऱ्याने सांगितलं होतं की गावाबाहेर मेहरूणच्या तळ्याकडे 'कॉलेजची' या नावाने एक दारू मिळते, मोहाच्या दारूपेक्षा महाग आणि वास नसलेली. दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या आणि लेखापरीक्षेचा आक्षेप पोलिसांच्या टेबलावर आला.

संशय एकाच व्यक्तीवर होता. प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं शिकवणारी एक तरुण बाई. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली नियमाप्रमाणे तिच्याकडे, आणि स्पिरिट काढल्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या नावाची आद्याक्षरं. तिच्या समाजात सायन्स शिकलेली ती पहिलीच मुलगी. वडील खेड्यात, ती गावात आत्याकडे राहायची. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या एका सभासदांनी तर चौकशीआधीच निकाल देऊन टाकला: "मी सांगतच होतो, बायकांच्या हाती कपाटाच्या किल्ल्या देऊ नका. आता पुढच्या वर्षी मुलींना सायन्सला घेणं बंद." अटक झाली असती तर ती पुढे सुटली असती की नाही, हा प्रश्नच नव्हता. तिची नोकरी त्याच दिवशी गेली असती आणि तिच्या मागून येणाऱ्या मुलींची वाटही.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. इन्स्पेक्टर साहेब, प्राचार्य, ते सभासद, तपासनीस आणि लिहून घेणारा हेड कॉन्स्टेबल. मी कोपऱ्यात उभी होते.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"रोज?"

"रोज."

"दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिली?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही."

"मग चिठ्ठ्यांवरच्या सह्या?"

"माझ्यासारख्या आहेत. माझ्या नाहीत."

"किल्ली तुमची, कपाट तुमचं, आणि सही तेवढी भुताची," सभासद म्हणाले. कोणी हसलं नाही, पण कोणी त्यांना गप्पही केलं नाही.

ती खोटं बोलते आहे हे मला कळलं. सह्यांबद्दल बोलताना तिने वर पाहिलं होतं; किल्लीबद्दल बोलताना नाही. खोटं कुठे आहे ते दिसत होतं, कशासाठी आहे ते दिसत नव्हतं. मी तिला दोषी धरूनच त्या खोलीतून बाहेर पडले.

बाहेर स्टोअरकीपर चहा घेऊन उभे होते. वयस्क गृहस्थ, सगळं कॉलेज त्यांना नाना म्हणे. त्यांचा जबाब आधीच झाला होता: स्पिरिटच्या किल्लीला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही.

"पोर चांगली शे हो बाईसाहेब," ते मला म्हणाले. "एक दिवस खाडा नाही तिचा. हजेरीपट बघा. आता घरची ओढाताण असली की माणसाची नियत फिरते, त्याला कोण काय करणार?"

माणसं दोन प्रकारे शिफारस करतात. काही पदरचं घालून करतात. काही शिफारशीतच एक भोक ठेवतात. नानांचा चहा मी घेतला नाही.

दोन दिवसांनी जबाबाच्या स्वच्छ प्रतीवर तिची सही हवी होती. ती कॉलेजात नाही असं कळलं, म्हणून मी साध्या साडीत तिच्या घरी गेले. आत्या दारात उभ्या राहिल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे.

"अक्का, सही घ्यायची आहे. लगेच जाते."

"आज नही, बाई. तिनी तब्येत बरी नही शे."

"पोलिसांचं काम आहे."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू पोलीस शे?" मग बाजूला झाल्या. "बठ्ठं घर देख, कोपरा न् कोपरा देख. पन तिले शिवू नको."

ती मागच्या पडवीत पोत्यावर बसली होती. शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी कागद पुढे केला.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

मी ठेवला. तिने सही करून तो परत जमिनीवर ठेवला. मी उचलायला वाकले तेवढ्यात अक्कांनी ओंजळीतलं पाणी त्यावर शिंपडलं. सरकारी कागदावर शाईचे निळे डाग पसरले.

"आता घे," अक्का म्हणाल्या.

माझ्या आईच्या घरीही हेच होतं. शाळेत मी इंग्रजी बोलायचे आणि महिन्यातले चार दिवस घरी अशीच एका कोपऱ्यात बसायचे. मी तो ओला कागद हातात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा मला किल्ली दिसली. म्हणजे ती तिथे नव्हती, हे दिसलं. चार दिवस ही इथे बसणार, मग कॉलेजातलं कपाट कोण उघडतं?

"किल्ली कुठे आहे?"

तिने अक्कांकडे पाहिलं. अक्का आमच्याकडे बघत होत्या. मी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. तिने चमकून वर पाहिलं आणि मग इंग्रजीतच, हळूहळू, सगळं सांगितलं. मराठीत ते दोघींच्याही तोंडून निघालं नसतं. परक्या भाषेत लाज थोडी पातळ होते.

या दिवसांत ती कॉलेजला जात नसे. मुलांचं काम अडू नये म्हणून अक्का सकाळी किल्लीवर पाणी शिंपडून ती ओट्यावर ठेवत. नाना कॉलेजला जाताना ती उचलून नेत. नानांनीच तिला सांगितलं होतं: रजा लिहू नका बाई, दर महिन्याला रजा दिसली की संस्थेतले लोक नको ते बोलतील, हजेरीचं मी बघतो. नानांचे तिला फार उपकार वाटत.

"साहेबांना हे का नाही सांगितलंस?"

"पाच पुरुष बसले होते," ती म्हणाली.

आजची किल्ली सकाळीच गेली होती. चौकशी चालू असताना नाना ती नेतील का, असं कोणालाही वाटेल. पण त्यांना इलाज नव्हता. ओट्यावरची किल्ली तशीच राहिली असती तर अक्का ती दुसऱ्या कुणाबरोबर थेट कॉलेजात पाठवणार, आणि मग ती इतके दिवस कोण नेत होतं हा प्रश्न निघणार.

मी इन्स्पेक्टर साहेबांकडे गेले. त्यांनी कागद बघितला. "यावर काय पाऊस पडला?"

"नंतर सांगते, साहेब. आधी दोन पंच घ्या आणि कॉलेजात चला. स्पिरिटची किल्ली आत्ता नानांच्या अंगावर आहे."

"कशावरून?"

मी जमिनीकडे बघितलं. "बाई घरी बाजूला बसल्या आहेत."

साहेब दोन मुलींचे बाप होते. ते कानापर्यंत लाल झाले, टोपी उचलली आणि निघाले.

कॉलेजात त्यांनी नानांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कपाट उघडायचंय. किल्ली?"

"ती बाईंकडे, साहेब. आम्ही त्याला हात लावत नाही."

अंगझडतीत किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात निघाली. नाना खुर्चीवर बसले. "त्यांच्या घरून आत्ताच आणली," ते म्हणाले. ठाण्यात आणल्यावर साहेबांनी आदल्या जबाबावरची त्यांची सही समोर ठेवली आणि तिच्याशेजारी किल्ली ठेवली. दुपारपर्यंत त्यांनी मेहुण्याचं नाव सांगितलं. जवळच्या असोद्याला त्याच्या केळीच्या मळ्यातल्या खोपीत, वाळलेल्या पानांखाली, स्पिरिटचे डबे सापडले. केळीच्या घडांखाली घालून माल बैलगाडीतून मेहरूणकडे जायचा. चिठ्ठ्यांवरची आद्याक्षरं नाना स्वतःच गिरवत. आणि तीही बाई घरी असायच्या त्याच दिवसांत, म्हणजे हजेरीपटावर बाई हजर आणि प्रत्यक्षात कपाट मोकळं.

पंचनाम्यात किल्ली ओट्यावर ठेवण्याचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा साहेबांनी लेखणी थांबवली, खिडकीबाहेर पाहिलं आणि लिहिलं, 'घरगुती रिवाजामुळे'. त्यांना वाटलं, झाकलं गेलं.

ते झाकलेलं कोर्टात उघडं पडलं. आरोपीचे वकील हुशार होते. हजेरीपट पुढे करून ते तिला म्हणाले, "तुम्ही रोज हजर. मग किल्ली घरून पाठवायचं कारण काय? कोणता हा रिवाज? कोर्टाला कळू द्या."

ती बोलणार नाही, याच भरवशावर तो प्रश्न होता. खोली भरलेली होती. संस्थेचे सभासद होते, तपासनीसही साक्षीला आले होते. ती गप्प राहिली असती तर स्पिरिट बाईंनीच काढून दिलं हे नानांचं म्हणणं उभं राहिलं असतं आणि संशय पुन्हा तिच्याकडे फिरला असता. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काहीच करता येत नव्हतं. इथे इंग्रजी चालणार नव्हती, सगळ्यांना कळेल असंच बोलायला हवं होतं.

"मी त्या दिवशी बाहेर बसले होते," ती म्हणाली. "दर महिन्याला बसते. तुमच्या घरच्या बायका बसतात तशी."

वकिलांनी हातातला कागद उलटा केला आणि सुलटा केला. मॅजिस्ट्रेटनी मान खाली घालून ते वाक्य लिहून घेतलं. मागच्या बाकावरून अक्कांचा आवाज आला, "खरं शे." शिपायाने त्यांना गप्प केलं नाही.

नानांना शिक्षा झाली. विद्यापीठाचा आक्षेप निकाली निघाला. जाताना तपासनीस मला म्हणाले, "तुमचा तो निळ्या डागांचा कागद मी पाहिला. माझ्या तपासणीत हे सापडलं नसतं." मी म्हटलं, स्पिरिट जास्त आहे हे तुम्हीच सांगितलंत.

पुढे नोकरीत मी खोटं बोलणारी अनेक माणसं पाहिली. त्या प्रकरणानंतर खोटं पकडलं की तिथेच थांबायची सवय मी सोडली. माणूस खोटं बोलला म्हणजे त्याने काही तरी झाकलं, एवढंच सिद्ध होतं. झाकलेली वस्तू गुन्हाच असेल असं नाही. आणि कोणाची लाज कोणाला ठाऊक आहे, हे कळलं की पुष्कळदा त्या लाजेच्या आडोशाने चोरी करणारा सापडतो. संशय मी शेवटपर्यंत सगळ्यांवर घेत राहिले. फक्त उपकार करणाऱ्यांपासून सुरुवात करू लागले.

वर्षभराने जळगावला गेले तेव्हा प्रयोगशाळेत दोन नव्या मुली बरण्या पुसत होत्या. बाईंच्या कमरेला किल्ली होती.

"आता ती ओट्यावर जात नाही?" मी विचारलं.

"नाही. मीच येते, रोज," ती म्हणाली. "त्या दिवसांत संध्याकाळी आत्या दारात उभी असते. माझ्यावर पाणी शिंपडते, किल्लीवर शिंपडते, मग आत घेते."