स्थळं पाहणारा प्रोग्राम

लग्नासाठी स्थळं पाहायचं काम मी एका प्रोग्रामला दिलं होतं.

आमच्या समाजाची वधूवरांची साइट आहे. रोज लॉगिन करा, निरोप तपासा, याचा मला भारी कंटाळा. म्हणून पुण्यात बसून प्रोग्राम लिहिला. त्यानं माझ्या नावानं लॉगिन करायचं, साइट देईल ती कुकी (बिस्कीट नव्हे, आत सोडल्याची चिठ्ठी) दर पानावर दाखवायची, प्रत्येक दुवा उघडायचा आणि निरोप आला का ते मला सांगायचं. फक्त 'लॉगआउट' दिसलं की हात लावायचा नाही. एवढी हुशारी केल्यावर मी स्वतःवरच खूश होतो.

प्रोग्राम रोज सांगायचा, निरोप नाही. समुद्रपूरहून आई फोन करायची, मी नाही म्हटलं की 'जेवला का' एवढंच विचारून फोन ठेवायची. ते जास्त लागायचं. बाबांनी फोटोवर खापर फोडलं.

"बदल तो फोटू. कोणाची बकरी चोरल्यासारखा दिसून राह्यला त्यात!"

फोटो बदलला. तरी निरोप नाही. आपण कुणालाच नको आहोत, अशी माझी खात्री होत चालली.

मग आष्टीच्या मामाचा फोन आला. तिथल्या एका मुलीकडच्यांनी 'रविवारी या' म्हणून साइटवर निरोप धाडला होता, पोहे करून वाट पाहिली होती, आणि आता ते माझ्या वळणाबद्दल गावभर बोलत होते!

घाबरून मी स्वतः साइट उघडली. 'लॉगआउट' कुठेच नव्हतं. साइट बनवणाऱ्या काकांनी त्या जागी लिहिलं होतं, 'येतो'. बरोबरच आहे, निघताना 'जातो' कोण म्हणतं? पण प्रोग्रामवर हे संस्कार कोण करणार? तो आत शिरला की सगळ्यात वरचं 'येतो' दाबायचा. तिथेच कुकी बाद. पुढे मागेल त्या पानाऐवजी त्याला लॉगिनचंच पान मिळायचं, आणि त्यावर निरोप कुठून असणार?

पुढच्या रविवारी आष्टीला जाऊन हात जोडून सगळं सांगितलं. मुलीचे वडील हसले नाहीत. मुलगी म्हणाली, "मंग पसंती तुम्ही सांगसान, का त्यालेच विचारा लागते?"

"पसंत आहे," मी म्हणालो. (पोहे अजून यायचे होते.)

"बरं. माह्यं काय ते मी साइटवर कळवीन."

तेव्हापासून प्रोग्राम बंद आहे. लॉगिन सुटू नये म्हणून मी जेवतोही पान उघडं ठेवून, आणि घासागणिक ते ताजं करतो. त्याचंच काम मी आता हातानं करतो. फरक एवढाच, त्याला घाम फुटत नव्हता!