अक्काशिवाय पाहिलेला बर्फ

आजवर कुणालाही सांगितलं नाही, ते आधी लिहून टाकतो. आल्प्सच्या ज्या सहलीचे फोटो मी सगळ्यांना दाखवत सुटलो, ती सहल माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची होती. खोटं सांगून मी तिला मागं ठेवलं.

दोन उन्हाळे आम्ही ती आखत होतो. बाहेर सोलापूरचं ऊन, घरात कुलरची घरघर, आणि अक्का माझ्या मोबाइलमध्ये डोंगरातलं एक खेडं बघतेय. लाकडी घरं, निमुळत्या टोकाचं चर्च, छपरांवर हातभर बर्फ.

"तितं माणसं ऱ्हात्यात व्हय रं, सुभ्या? आन् जनावरं कुटं बांधत्यात?"

मग रोज दुपारी आम्ही त्या खेड्यात जायचो. खोली कुठली घ्यायची, पहिल्या दिवशी कुठल्या उतारावर स्की करायचं, सगळं ठरलं. एकदा गच्चीवर अक्कानं पायांना दोन लाकडी पट्ट्या नाडीनं बांधल्या, काष्टा खोचला आणि गुडघे वाकवून, डोळे मिटून उभी राहिली. "सोड मला, घसरू दे की!" तिच्यामागं पाण्याची टाकी होती, मला पांढराशुभ्र उतार दिसला.

पुढं ऑफिसातली चार कुटुंबं बरोबर यायची ठरली आणि माझं मन फिरलं. साहेबांच्या बायकोपुढं अक्का 'हाय-न्हाय' बोलणार, काष्टा खोचून बर्फात उतरणार. मला लाज वाटली. सहलीसाठी तिची तपासणी केली होती, तीच कामी आली.

"डॉक्टर म्हणाले, गुडघे झिजलेत. बर्फात न्यायचं नाही."

अक्कानं मोबाइलमधला खेड्याचा फोटो बंद केला. "बरं. तू तरी डोळं भरून बघून ये." आणि प्रवासासाठी भाजलेल्या कडक भाकरी तिनं माझ्या बॅगेत भरल्या.

इटलीच्या उत्तरेला, जर्मन बोलणाऱ्या मुलुखात ते खेडं आहे. बस शेवटचं वळण चढली तेव्हा बर्फ भुरभुरत होता, आवाज कशाचाच नव्हता. गल्ली, चर्च, निळ्या झडपांची खिडकी, सगळं ओळखीचं. आमच्या मुक्कामाची मालकीण, डोक्याला रुमाल बांधलेली साठीची बाई, दारातच म्हणाली, "ग्र्युस गॉट" (तिकडचा रामराम).

दुसऱ्या दिवशी स्की शिकताना मी सरळ कुंपणात घुसलो. बाकीचे वर गेले. मी लंगडत श्टूबंमध्ये (लाकडानं मढवलेली उबदार बैठक) येऊन भाकरीची पिशवी सोडली. मालकिणीनं सूप आणलं आणि गरम भांडं चक्क अक्काच्या भाकरीवर ठेवलं. तिला ती लाकडी चकतीच वाटली! मी भाकरी ओढून घेतली आणि सुपात कुस्करली. ती बघतच राहिली. मग आत जाऊन तिनं शुटलब्रोट (तिकडची पातळ, कडक भाकर) आणली. तीच गोलाई, तसाच कडकन मोडणारा आवाज, वर बडीशेपेचा वास.

"तुमची कुणी भाजली?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"बहिणीनं."

"मग ती कुठाय?"

"गुडघे," मी म्हणालो. तेच खोटं, परमुलखातही.

ती खो खो हसली. स्वतःच्या गुडघ्यांवर थापा मारत म्हणाली, "माझे दोन्ही बदललेत! म्हणून चुलीपाशी बसू? चला!"

तारेवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्यात बसवून तिनं मला वर नेलं, लाकडी घसरगाडीवर पुढं बसवलं आणि पायानं रेटा दिला. झाडं, छपरं, ढग, सगळं पांढऱ्यात विरघळलं. पाठीमागं एक बाई पोरीसारखी किंचाळत होती. क्षणभर ती अक्काच होती. खाली, नुकतीच उतरून आलेली साहेबांची बायको टाळ्या वाजवत पुढं आली आणि मराठीतच म्हणाली, "अहो मावशी, मलाही बसवा की!" रुमालवाल्या त्या बाईला कुणी हसलं नाही. अक्कालाही हसलं नसतं.

घरी आल्यावर अक्कानं एकेक फोटो बोटानं मोठा करून पाहिला. "लई ग्वाड हाय रं," म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. आता ती अशीच उठते. भाजीला जाणं बंद केलंय. गुडघे दुखतात म्हणते, मी सांगितल्यापासून.

डॉक्टर खरं तर म्हणाले होते, "गुडघे ठणठणीत आहेत, खुशाल जाऊ द्या त्यांना." हे वाक्य मी अक्काचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.