मिसिंग

परवा भावाने मोबाइलवर विजेच्या रेसिंग गाड्या दाखवल्या. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज करत त्या निघून गेल्या. मग त्याने जुन्या, बारा सिलेंडरच्या गाडीची गर्जना ऐकवली आणि मी थेट मालेगावच्या गॅरेजात जाऊन पोचले.

तेव्हा मी तिसरीत होते. बाबांची प्रवासी जीप अडखळत होती. सलीम मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गाडी मिसिंग मारून राह्यली." मी इंग्रजी शाळेतली. काहीतरी हरवलंय असं समजून जीपखाली वाकून शोधू लागले.

"काय सापडलं, माय?" मिस्त्री हसले. मी बाबांच्या मागे सरकले.

"बोलतच नाई कोनासंगं," बाबा ओशाळून म्हणाले. "शाळेतले बी तेच सांगून राह्यले."

मिस्त्रींनी लांब पेचकस इंजिनाच्या चारही सिलेंडरांवर एकेक करून टेकवला. दर वेळी त्याची मूठ माझ्या कानाशी धरली. "आयक, मंग सांग." ग्रीसच्या वासात डोळे मिटून मी ऐकलं.

"तीन बोलतात," मी हळूच म्हणाले. "एक गप्प आहे."

"तेच तं मिसिंग! भाऊ, कान पाहा पोरीचे. बोलनारे लय हायेत."

त्यानंतर 'बोलत काहून नाई' असं बाबांनी मला कधी विचारलं नाही. जीप खोकली की हाक मात्र मलाच यायची.

विजेच्या गाड्या गर्जत नाहीत, ते मला आवडतं. बाबांनी मात्र परवा त्या गाड्या ऐकायला मोबाइल कानाला लावून पाहिला आणि माझ्याकडे दिला.

"तूच आयक बरं. याच्यात गप कोन हाय?"